बुटका तोफगाडा आणि पूल

लढाईच्या खेळाच्या एका जुन्या पेटीत एक बुटका तोफगाडा राहायचा. त्याची तोफ फक्त नाकासमोर बघायची. बाजूला नेम धरायचा तर अख्खं अंग वळवावं लागे आणि त्यात एक पाळी खर्ची पडे. शेजारच्या रणगाड्याची मान मात्र गरगर फिरायची.

"मी काय कमी आहे?" म्हणत एका डावात तोफगाडा रणगाड्याच्याही पुढे, उघड्या माळावर धावला. शत्रू डावीकडून आला. हा वळेवळेपर्यंत गोळा कुशीत बसला. तोफगाडा बाद होऊन पेटीत परतला आणि ज्या पुलासाठी डाव होता तो पूल शत्रूने घेतला.

पुढच्या डावात रंग उडालेला म्हातारा शिपाई त्याला म्हणाला, "बाबा रे, तू बुटका आहेस, हे विसरू नकोस. या कुंपणामागे तोंड पुलाकडे करून बस. तुझ्या कुशीला आम्ही आहोत."

तोफगाडा मन मारून बसला. रणगाडा माळावर मिरवत होता आणि शत्रूची नजर त्याच्यावरच होती. शत्रूचा पहिला गाडा पुलावर चढला तो नेमका तोफेसमोर. मग दुसरा. दोन्ही तिथेच उडाले. तिसरा आलाच नाही.

रणगाड्याने चारी दिशांना मान फिरवून विचारलं, "गोळे आले तरी कुठून?"

तोफगाडा अजून पुलाकडेच बघत होता.