धरायचा हात

"माय, जिला बरंच व्हायचं नाही, तिला बरं कोण करणार?"

वैजनाथाचा आवाज चढला होता. मठाच्या ओसरीवर भीमामाय तांदूळ निवडत बसली होती. सुपातलं तिचं बोट काही थांबलं नाही.

"उद्या गाडी गावाकडं जाते. तिच्यात घालून द्या अंबूबाईला घरी. खाट तरी मोकळी होईल."

मांजरा नदीच्या काठचा हा मठ लहानसाच. देवांपेक्षा तिथं खाटाच जास्त. कुणाचं अंग लुळं पडलेलं, कुणी झाडावरून पडून मोडलेलं. घरच्यांनी हात टेकले की ते माणसाला इथं आणून सोडायचे. वैजनाथ शहरात राहून अशा माणसांना पुन्हा उभं करण्याचं शास्त्र शिकून आला होता. स्वतःला मायचा शिष्य म्हणवायचा, पण मान जरा ताठच.

"घरी गेली तर?" मायनं विचारलं.

"सून म्हणाली, गोठ्याशेजारी खाट टाकते."

"म्हणजे..."

"म्हणजे जितके दिवस काढेल तितके." वैजनाथ खाली बघून म्हणाला. मग त्याला पुन्हा जोर आला. "पण मी करू काय? सकाळी तेल, दुपारी काठीनं पिंपळापर्यंत चालणं, सांजेला मुठीत चिंध्यांचा चेंडू. याच क्रमानं लिंबाजी धनगर आपल्या पायानं घरी गेला. दुखणं तेच, अंगही तेच, डावं. आणि ही बया चेंडू भिरकावून देते! आता तर भिंतीकडं तोंड करून पडलीय. घास लावला तर ओठ मिटून घेते."

"लिंबाजीला काय पाहिजे होतं?"

"मेंढरांमागं जायचं होतं. दिवसभर तेच टुमणं."

"आन् अंबूला?"

"तिला अर्धांग..."

"ते दुखण्याचं नाव झालं."



सुपातला एक खडा मायनं अंगणात टाकला.

"आली तेव्हा तिच्यासंगं एक गाठोडं होतं. कुठंय?"

"माळ्यावर टाकलंय. उशाशी घेऊन झोपायची. सगळा काचांचा माल. झोपेत टोचल्या असत्या म्हणून..."

मायनं सूप बाजूला ठेवलं.

"काढ खाली."

खाटांच्या पडवीत उन्हं कलली होती. अंबूबाई जातीची कासारीण. उभा जन्म चार गावं फिरून बायकांना बांगड्या भरण्यात गेलेला. लेकीबाळींच्या साखरपुड्यातले, बाळंतपणाआधीचे हिरवे चुडे, सगळे तिच्याच हातचे. आता ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. डावी मूठ छातीशी आवळलेली.

वैजनाथानं गाठोडं खाली ठेवलं. आत काच किणकिणली.

अंबूबाईची पाठ हलली.

"अंबू," माय म्हणाली, "बांगड्या भरायच्यात."

"कुणाला?" भिंतीकडूनच आवाज आला.

माय खाटेजवळ खाली बसली आणि आपला हात पुढं केला. उघडा हात. तरुणपणी भगवं घेतलं, तेव्हापासून त्यावर काच चढली नव्हती.

अंबूबाई वळली. तो हात बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"माय, जोगिणीच्या हातात काच भरू? मला नरकात धाडता का?"

मायनं हात मागं घेतला नाही.

"आन् भरू कशी? काच सरकवायचा हात हाय... धरायचा हातच गेला." तिनं डावी मूठ दाखवली आणि तिला एकदम रडू फुटलं. "आधी गिऱ्हाइकाचा हात धरावा लागतो, माय. गोंजारून मऊ करावा लागतो. ह्यो पोरगा मला चेंडू दाबायला लावतो. चेंडूला काय दुखतंय?"

मायचा हात तसाच पुढं. म्हातारं मनगट थरथरायला लागलं, तरी खाली येईना.

वैजनाथाला ते बघवेना.

"माय, हात खाली घ्या..."

 मायनं फक्त त्याच्याकडं बघितलं.

"मी?" तो दचकून म्हणाला. "बापयानं?"

त्या मुलखात पुरुषाला 'बांगड्या भर' म्हटलं की काठ्या निघतात. पलीकडच्या खाटेवर पाय मोडलेला धोंडिबा कुंभार पडला होता. तो खिदळलाच.

"बसा की, वैजनाथराव! न्हाई तरी आम्हाला सासूसारखं छळताच. आता पुरा साज होऊन जाऊ द्या!"

वैजनाथाचे कान तापले. तो दाराकडं वळला. मग पुन्हा त्या थरथरत्या मनगटाकडं त्याची नजर गेली...

तो खाली बसला. बाही सारून त्यानं आपला हात अंबूबाईच्या पुढ्यात धरला.

तेव्हा कुठं मायचा हात खाली आला.

अंबूबाई कितीतरी वेळ त्या हाताकडं बघत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "मला बसतं करा."

बसल्यावर तिनं गाठोडं सोडलं. सगळ्यात मोठ्या मापाची हिरवी बांगडी निवडली.

"हात हाय का खोऱ्याचा दांडा? ढिला सोडा की."

"सोडलाय."

"न्हाई सोडला."

रोज हेच शब्द तो तिला सांगायचा, हेच उत्तर ती द्यायची.

डावी मूठ उघडेना. कपाळावर घाम आला. तिला मदत करायला वैजनाथाचा दुसरा हात पुढं आला, पण मायनं नुसती मान हलवली. तो बसून राहिला. लेकराला घास भरवताना आईचंच तोंड उघडतं ना, तशी त्याचीच बोटं आपोआप उघडत मिटत होती.

हळूहळू एक बोट सुटलं. मग दुसरं... अंबूबाईचा तो लुळा हात त्याच्या हातावर येऊन पडला.

पहिली बांगडी कडकन गेली.

"वाढली," ती पुटपुटली. भरताना वाढली तर नुकसान कासारणीचं, ही रीत. तिनं तुकडे बाजूला सारले. वैजनाथाच्या हातावर रक्ताचा थेंब आला होता.

"लागलं का वो?"

"नाही. भरा."

दुसरीही गेली. धोंडिबा आता हसत नव्हता. कोपरावर उठून तोही बघत होता.

पुढच्या बांगडीला ती थांबली. काचेकडं न बघता वैजनाथाच्या तोंडाकडं बघत राहिली. त्याच्या कपाळावरची आठी गेल्यावर तिनं लुळ्या अंगठ्यानं त्याच्या हाताचं हाड दाबलं. दाब कसला, चिमणी बसावी तेवढा.

बांगडी सरकली. मनगटावर जाऊन थांबली.



मग अंबूबाईनं विचारलं. "माय, नदीवरनं पाणी आणणाऱ्या बाया कुठून जातात?"

"पिंपळाखालनं."

"तिथं माझा पाट मांडा उद्या. मी येते चालत." आणि वैजनाथाकडं बघून, "काठी आणून द्या मला. आन् आधी काही खायला द्या."

कण्या खाऊन ती झोपली. गाठोडं उशाशी होतं.

वैजनाथ मायच्या मागोमाग ओसरीवर आला.

"माय... तिचा क्रम आता कसा लावू?"

माय पुन्हा तांदूळ निवडायला बसली होती.

वैजनाथ मनगटावरची बांगडी काढायला लागला. बांगडी निघेना.

"राहू दे," माय म्हणाली. "उद्या गाडी आली, की ह्याच हातानं ती रिकामीच माघारी फिरव."