दोरी कुणाच्या हातात

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती ज्या गावात घडली त्या गावाचं नाव आता कुणालाच आठवत नाही; गोष्ट तेवढी उरली आहे. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी, कारण यातली चूक लहान मुलं करत नाहीत.

एका खाडीच्या काठी ते गाव होतं. टेकाडावर प्रभूचं देऊळ, म्हणजे चर्च, होतं, देवळाच्या मनोऱ्यात घंटा होती, आणि घंटेची दोरी खाली माणसाच्या हाताला येईल इतकी लोंबत होती. गावातल्या बाया ओहोटीच्या वेळी छोट्या होड्या वल्हवत पलीकडच्या चिखलात जात, तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचत आणि भरती लागली की परत येत. थंडीच्या दिवसांत मात्र खाडीवर असं धुकं उतरे की हातातल्या वल्ह्याचं टोक दिसत नसे. मग टेकाडावरची घंटा वाजू लागे आणि बाया त्या आवाजाच्या रोखाने होड्या आणत. काठाला लागलेली प्रत्येक होडी वल्ह्याने आपल्या फळीवर एक ठोका देई. शेवटच्या होडीचा ठोका ऐकू आला की मगच घंटा थांबे. कारण खाडीच्या वळणावर काळे खडक होते, आणि वाट चुकलेल्या होडीला भरतीचं पाणी थेट तिथेच नेई.

घंटावाला नेमण्याची गावात एक रीत होती. दोरी त्याच्या हातात कुणी देत नसे. ती तशीच लोंबत ठेवून धर्मगुरू सगळ्या गावासमोर विचारत, "धरशील का?" माणसाने आपण होऊन पुढे यायचं आणि ती धरायची. ज्याची ही गोष्ट आहे त्यानेही तरुणपणी ती अशीच धरली होती. आपली एक रीत आहे, एवढंच तेव्हा त्याला वाटलं होतं.

गावाला एक सवयही होती. काहीही झालं की लोक म्हणत, "त्याची इच्छा." मासळी भरपूर लागली, त्याची इच्छा. मुंगसाने कोंबडी नेली, त्याचीच इच्छा; खुराड्याचं दार उघडं कुणी टाकलं, हे कोण विचारणार? त्याच्या इच्छेवाचून झाडाचं पानही हलत नाही, असं म्हणून ते मुलांना झोपवत आणि मेलेल्यांना मूठमाती देत. घंटावालाही हे चारचौघांसारखंच म्हणत आला होता. दुसऱ्याच्या दारात म्हणायला ते फार सोपं होतं.

मग एका पावसाळ्यात त्याची बायको तापाने गेली. त्याने काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. तो वैद्याकडे धावला, अनवाणी डोंगर चढून पाला घेऊन आला, गुडघे टेकून प्रार्थना केली. ताप उतरला नाही. दफन आटोपल्यावर एकेक जण त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "त्याची इच्छा." त्या दिवशी ते शब्द त्याच्या घशात अडकले, ते अडकलेच.

तेव्हापासून तो दोरी ओढायचा आणि विचार करायचा. पानही त्याच्या इच्छेवाचून हलत नाही, तर ही दोरी ओढतो कोण? मी की तो? तो ओढत असेल, तर माझी गरज काय? आणि मी ओढत असेन, तर जे व्हायचं ते त्याने आधीच ठरवलेलं असताना माझ्या ओढण्याने काय फरक पडतो? मी धावलो म्हणून ती वाचली का? मग मला घडवलं तरी कशासाठी?

एकदा त्याने हे म्हाताऱ्या धर्मगुरूंना विचारलं. ते आजारी होते, थकलेले होते. म्हणाले, "तू वाजवत राहा, बाबा. वाजवता वाजवता कळेल." घंटावाल्याला ते उत्तर पटलं नाही. आता खोटं कशाला बोलायचं, उत्तर तसं अपुरंच होतं.

घरात आता तो आणि त्याची मुलगी, एवढी दोघंच उरली होती. मुलगी आईच्या होडीतून तिसऱ्या वेचायला जाई. ती बोलकी होती, चुलीशी बोलायची, होडीशी बोलायची, बापाचं गप्प बसणंही तीच भरून काढायची. निघताना मात्र रोज एकच प्रश्न विचारी, जो तिची आई विचारत असे.

"बाबा, धुकं आलं तर वाजवाल ना?"

आणि तो म्हणे, "वाजवीन."

एके पहाटे तिने टोपली उचलली आणि नेहमीसारखं विचारलं. त्या दिवशी त्याच्या डोक्यात तोच भुंगा लागला होता. तो म्हणाला, "त्याची इच्छा असेल तर वाजेल."

मुलगी उंबऱ्यात थांबली आणि हसली. "त्याला कशाला मध्ये घालता? मी तुम्हाला विचारतेय."

बाकीच्या बाया खालून हाका मारत होत्या. ती गेली.

सूर्य उगवायच्या सुमाराला भरती लागली आणि पाण्याबरोबर धुकंही आलं. आधी पलीकडचा काठ गेला, मग खाडी गेली, मग टेकाडाखालची घरं गेली. घंटावाला देवळात आला आणि दोरीसमोर उभा राहिला. त्याने हात वर केला आणि तिथेच थांबवला. मग हळूच जमिनीवर बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"प्रभू," तो म्हणाला, "दोरी तुझी आहे, हा हातही तुझाच आहे. त्या सगळ्यांनी घरी यावं असं तुझ्या मनात असेल, तर माझा हात तू हलव. एकदाच हलव. मग मी पुन्हा कधी विचारणार नाही."

त्याला वाटलं, आपण प्रार्थना करतो आहोत. माणसाला असं वाटतं कधी कधी.

हात हलला नाही. तो टक लावून हाताकडे बघत राहिला. मध्येच मानेवर एक डास बसला, तेव्हा मात्र हात चटकन उठला आणि त्याने डास मारला. डास मारताना त्याने कुणाची इच्छा विचारली नव्हती, आणि हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. हात पुन्हा गुडघ्यावर गेला. बाहेर पाणी चढत होतं.

मग धुक्यातून एक आवाज आला. "बाबा! घंटा!"

आवाज मुलीचा होता. आणि तो काठाच्या बाजूने येत नव्हता, वळणाच्या बाजूने येत होता.

तो उठला कसा, दोरी धरली कधी, हे त्याला नंतर कधीच आठवलं नाही. त्याने अशी घंटा वाजवली की देवळातली पाखरं बाहेर पडली आणि त्याच्या तळहातांची सालं निघाली. खाली काठावर ठोका पडला. थोड्या वेळाने आणखी एक पडला. मग एकामागून एक पडत गेले. तो प्रत्येक ठोक्याला कान देत होता आणि ओढत होता. धुकं विरलं, ऊन आलं, काठावर बाया ओल्या लुगड्यांनी थरथरत उभ्या राहिल्या, तरी घंटा वाजतच होती. एक ठोका यायचा राहिला होता.

ओहोटीला मुलगी सापडली, खडकांपाशी. तिची टोपली तिसऱ्यांनी भरलेली होती आणि होडीच्या फळीखाली अडकून तशीच राहिली होती.

घंटा उशिरा का वाजली, हे त्याला कुणीच विचारलं नाही. गाव भलं होतं. कुणी म्हणालं, दोरी अडकली असेल. कुणी म्हणालं, बिचाऱ्याला डोळा लागला असेल, बायको गेल्यापासून त्याला झोप कुठे आहे! आणि कबरीपाशी लोक एकेक करून पुढे आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवू लागले आणि म्हणू लागले, "त्याची इच्छा."

इतकं झालं असतं, तर ही गोष्ट आपल्यापर्यंत आलीच नसती. त्याने मान डोलावली असती आणि सगळं त्या दोन शब्दांखाली पुरलं गेलं असतं. पण त्याच्या कानात उंबऱ्यातला तो आवाज होता.

"नाही," तो म्हणाला. "त्याचं नाव घेऊ नका. दोरी अडकली नव्हती. मी झोपलो नव्हतो. मी जागा होतो आणि मी वाजवली नाही."

कुणी हलेना. मग एक म्हातारी, जिची सून त्या धुक्यातून जेमतेम परतली होती, पुढे आली. "मेल्या, तुझ्या भरवशावर पाण्यात जातात रे आमच्या पोरी!" ती किंचाळली आणि त्याच्या पायाशी थुंकली. त्याने पाय मागे घेतला नाही.

संध्याकाळी तो देवळात गेला. धर्मगुरू काठी टेकत येऊन दोरीपाशी बसले होते.

"फादर, ही दोरी दुसऱ्या कुणाला द्या," तो म्हणाला. "पण एवढंच सांगा. मी त्याला सांगितलं होतं, माझा हात हलव म्हणून. त्याने का नाही हलवला? एक हात! त्याला काय जड होतं?"

म्हातारे म्हणाले, "तुझ्या बायकोचं मला विचारू नकोस. तिथे दोरी तुझ्या हातात नव्हती. कुणाच्या होती ते मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव मी आणणार नाही. पण हे विचारतोस तर सांग. त्या सकाळी तुझी मुलगी तुझा हात धरून तुला इथे ओढत आणू शकली असती का?"

"आणलं असतं तिने. ताकदीची होती."

"दोरीला बांधून गेली असती तुला?"

"असं कशाला करील ती?"

"मग काय केलं तिने?"

"विचारलं," तो म्हणाला. "वाजवाल ना, म्हणून विचारलं."

"आणि विचारून गेली. बांधलं का नाही तिने?"

तो म्हणाला, "तिचा विश्वास होता माझ्यावर."

"त्याचाही होता," धर्मगुरू म्हणाले.

घंटावाला खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. म्हाताऱ्यांनी त्याला उगी केलं नाही. तेही रडत होते. "माझंही चुकलं," ते मध्येच म्हणाले. "तू विचारायला आलास तेव्हा मी तुला वाटेला लावलं. प्रभूच्या जन्माचा निरोप घेऊन मरियेच्या दारी देवदूत आला तोसुद्धा तिच्या उत्तरासाठी थांबला होता, एवढं तरी मला सांगता आलं असतं. तिच्या 'हो'वाचून पुढचं काही घडणार नव्हतं. तुलाही याच जागी विचारलं होतं, आठवतं?"

त्याला आठवलं. सगळं गाव, लोंबती दोरी, आणि तो प्रश्न, ज्याला तो नुसती रीत समजला होता.

म्हातारे काठीवर भार देऊन उठले. त्यांनी दोरी त्याच्या हातात दिली नाही. ती तशीच लोंबत ठेवली आणि विचारलं, "धरशील का?"

तो दोरीकडे बघत राहिला. कुणी त्याचा हात हलवला नाही. वारा नव्हता, आकाशातून आवाज आला नाही. सालं निघालेला तो हात त्याचा त्यानेच उचलला, आणि त्याला तो फार जड लागला.

त्यानंतर तो म्हातारा होईपर्यंत धुक्यात घंटा कधी चुकली नाही. गावाने त्याला माफ केलं का? काहींनी केलं, काहींनी नाही. ती म्हातारी मरेपर्यंत त्याच्याशी बोलली नाही, पण धुकं पडलं की तिची सून त्याच्या घंटेवर परत येत राहिली. शेवटच्या होडीचा ठोका पडला, सगळ्या बाया घरी पोचल्या, तरी तो आणखी थोडा वेळ वाजवत राही. मग हात थांबवून खाडीकडे कान देई. पुरे कर, असं त्याला कुणी कधी म्हणालं नाही.

आणि गावाची सवय मोडली. घरात काही बरं-वाईट झालं आणि कुणाच्या ओठांवर ते दोन शब्द आले, की घरातलं वडीलधारं माणूस म्हणे, "थांब. आधी सांग, दोरी कुणाच्या हातात होती?"

बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात ठेवा: झाडाचं पान देव हलवतो, पण माणसाच्या हाताला तो विचारतो.