फुलांचा अडसर

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. शाळेच्या कथाकथनासाठी मी ती निवडली, तेव्हा बाई म्हणाल्या, "गोष्ट चांगली आहे गं, पण त्या दिवशी मोठे पाहुणे आहेत. त्यांना बोचेल. दुसरी एखादी गोड गोष्ट सांग." मी बरे म्हणाले. लिहू नकोस असे मात्र कुणी म्हणालेले नाही, म्हणून लिहिते.

एकदा एक रिवाज होता. तो ज्या नगरात होता, तिथल्या लोकांचा त्याच्यावर फार जीव होता. दरवर्षी सभा भरण्याच्या पहिल्या दिवशी राजा मिरवणुकीने सभागृहाच्या दाराशी येऊन उभा राही. दाराला आडवा अडसर लावलेला असे. भालदार लोकांकडे वळून मोठ्याने विचारी, "महाराजांना आत सोडायचं का?" लोक ओरडत, "सोडा!" मग अडसर निघे, राजा आत जाई, आणि दिवसभर नगरात जत्रा भरे.

त्या दिवशी रस्त्याकडेच्या माड्यांवर पाय ठेवायला जागा नसे. अडसराचे डावे टोक धरण्याचा मान कुणाचा, यावरून दोन घराण्यांचे बोलणे बंद झाले होते. मूळचा अडसर सागाचा की शिसवीचा, यावर दोन पंडित वर्षभर एकमेकांची खिल्ली उडवत. अडसर काय होता, कसा होता, कुणी धरला होता, हे सगळ्यांना ठाऊक होते. तो का होता, हे कुणी विचारले नव्हते.

अडसरही पहिल्यासारखा राहिला नव्हता. लाकूड जड पडते म्हणून त्याच्या जागी पोकळ वेळू आला. वेळूवर चांदीचा पत्रा चढला. पुढे तोही कुणाला ओबडधोबड वाटला आणि त्याच्या जागी झेंडूची माळ आली. राजा ती सोन्याच्या कात्रीने कापी आणि लोक टाळ्या वाजवत. दाराच्या दोन्ही बाजूंना दगडात जुन्या खोल खोबणी होत्या. त्यांत आता उदबत्त्या खोचत. आणि "सोडा" ही आरोळी तर भालदाराने तोंड उघडण्याआधीच उठे.

नगराबाहेर एक वृद्ध आचार्य राहत. राजा त्यांच्या पाया पडत असे. त्यांचा एक शिष्य होता, त्याला या सोहळ्याचे वेड होते. पहाटेच जाऊन तो पुढची जागा धरी.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी सगुणा कासारीण आचार्यांच्या अंगणात येऊन उभी राहिली. मिरवणुकीचा रस्ता रुंद करायचा म्हणून कासार आळीतली दुकाने पाडली होती. तिचा नवरा आपल्या दुकानासमोर आडवा झाला, तर त्याला उचलून कोठडीत टाकले. त्याला कुणी काही विचारले नाही, त्याचे कुणी ऐकले नाही. सोहळा आटोपला की त्याला हद्दपार करणार होते.

"बाबा," ती म्हणाली, "राजा तुमचं ऐकतो. एक शब्द टाका त्याच्याकडे."

"मी शब्द टाकणार नाही," आचार्य म्हणाले. "उद्या तू सोहळ्याला ये."

सगुणाने त्यांच्याकडे असे पाहिले, की शिष्याची मान खाली गेली. "सोहळ्याला? ज्याच्यापायी माझं दुकान पाडलं, त्या सोहळ्याला? येते ना! झेंडा पण आणते! नवऱ्याला हाकलतील तेव्हा फुलं कुणी उधळायची, तेही सांगून ठेवा."

"झेंडा नको," आचार्य शांतपणे म्हणाले. "हात रिकामे ठेव."

ती पाय आपटत निघून गेली. शिष्याला राहवले नाही. "गुरुजी, एक शब्द! तुमचं काय जात होतं?"

आचार्यांनी उलट विचारले, "दाराला अडसर कशासाठी असतो रे?"

"कुणी आत येऊ नये म्हणून."

"मग सभागृहाच्या दाराला?"

"तो... तो सोहळ्याचा आहे, गुरुजी. शोभेचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आचार्य गोठ्याकडे गेले आणि फाटकाचा आडवा वासा ओढू लागले.

"अहो, गुरं बाहेर जातील!"

"जाऊ देत. दुसरं टोक उचल."

असे ते दोघे खांद्यावर वासा घेऊन भर मिरवणुकीच्या रस्त्याने निघाले. लोकांची करमणूक झाली. "काय आचार्य, घर बांधताय वाटतं?" एकाने विचारले. दुसरा म्हणाला, "आजोबा, सरपण तिकडे न्या, जिलबीच्या भट्टीकडे!" शिष्याला धरणी दुभंगेल तर बरे असे झाले. आचार्य मात्र सरळ दाराशी गेले. खोबणींतल्या उदबत्त्या उपसून त्यांनी खाली टाकल्या आणि वासा माळेच्या अलीकडे दोन्ही खोबणींत बसवला. तो तिथे असा बसला, की जणू दगड त्याचीच वाट पाहत होता. सगुणा गर्दीत उभी होती. राग गेला नव्हता, तरी आली होती. आचार्यांनी तिला पुढे बोलावले आणि म्हणाले, "यावर हात ठेव. भालदाराने विचारलं, की तुला जे उत्तर द्यावंसं वाटतं ते दे."

राजा आला. डोक्यावर छत्र होते, पायांत मखमली जोडे होते. भालदार वाशाकडे बघून गोंधळला, पण सवयीने ओरडला, "महाराजांना आत सोडायचं का?"

"सोडा!" सगळे नगर गरजले.

"नाही," सगुणा म्हणाली.

कुणाला ऐकू आले नाही. तिने श्वास घेतला आणि पुन्हा म्हटले, "नाही! सोडायचं नाही!"

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. "वा! यंदा नवीन काढलंय!" कुणीतरी म्हणाले. एक बाई कडेवरच्या मुलीला म्हणाली, "बघ, बघ, नाटक आहे."

"नाटक नाही हे!" सगुणाचा आवाज फाटला. "माझा नवरा कोठडीत आहे. त्याचं काय चुकलं ते तरी सांगा!"

"काय रडते बाई, अगदी खरी वाटते!" आणि पुन्हा टाळ्या.

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली, तेव्हा इथे माझ्या मुठी वळल्या होत्या. लिहितानाही वळतात.

प्रधान पुढे आला. "हे सोहळ्यात नाही. बाजूला करा तिला." तेव्हा लोकांना कळले की हे खरे आहे, आणि त्यांचे चेहरे बदलले. दया येऊन नव्हे. त्यांना राग आला.

"अगं, शुभ दिवशी कशाला हे? उद्या सांग की!"

"पोरं उन्हात करपतायत इथं."

"हिच्या एकटीच्या नवऱ्यापायी सगळ्यांची जत्रा बुडणार!"

शिपाई सगुणाकडे निघाला, तसे आचार्य वळले. राजाकडे पाठ करून ते लोकांसमोर उभे राहिले. शिष्याने त्यांना इतके संतापलेले कधी पाहिले नव्हते.

"लाज वाटते का कुणाला?" ते म्हणाले. "आत आसन राजाचं आहे, पण हे दार तुमचं आहे. तुमच्या पूर्वजांनी वर्षातून एक दिवस राजाला याच्याबाहेर उभं केलं, ते मिठाई खायला नव्हे. ज्याच्यावर अन्याय झालाय, त्याला इथं 'नाही' म्हणता यावं आणि त्याचं ऐकून घेईपर्यंत राजाला आत पाऊल टाकता येऊ नये, म्हणून हा अडसर होता. तो जड होता, कारण तो सहज निघू नये. तुम्ही तो हलका केलात. मढवलात. त्याची फुलं केलीत, कात्री आणलीत. कुठल्याही राजानं तो तुमच्या हातून हिसकावला नाही. टाळ्या वाजवत तुम्हीच देऊन टाकलात! आणि आज एक बाई तुमच्या सगळ्यांच्या वतीनं दार धरून उभी आहे, तर तुम्हाला जिलबी गार होण्याची काळजी पडली आहे."

राजाने हळूच भालदाराला विचारले, "खरंच असं आहे का?"

"महाराज," भालदार खाली बघत म्हणाला, "मला फक्त विचारायला शिकवलंय. उत्तर ऐकायला नाही."

शिपाई वाशापाशी पोहोचला होता. इतक्यात गर्दीतून एक जाडजूड गृहस्थ धापा टाकत पुढे आला. ज्या घराण्यांत मानावरून भांडण होते, त्यांतल्या एकाचा तो कर्ता पुरुष. त्याने वाशाचे डावे टोक धरले. आता हा तो उचलणार, असे सगळ्यांना वाटले. त्याने तो दोन्ही हातांनी खोबणीत आणखी घट्ट दाबला.

"डाव्या टोकाचा मान आमचा आहे," तो शिपायाला म्हणाला. "हात लावू नकोस."

लगेच दुसऱ्या घराण्याचा म्हातारा उजव्या टोकाला येऊन उभा राहिला. तो पहिल्याकडे बघत नव्हता, पण त्याने टोक सोडले नाही.

राजा उन्हात थांबला. त्याने सगुणाच्या नवऱ्याला आणवले, आणि दाराच्या पायऱ्यांवरच, सगळ्यांसमोर, त्याचे ऐकून घेतले. ऐकायला फार वेळ लागला नाही, कारण त्याने काही गुन्हा केलाच नव्हता. प्रधानाला ते सांगता सांगता घाम फुटला. नवरा मोकळा झाला. दुकान काही परत मिळाले नाही. त्यावर सभा विचार करील असे ठरले. मग सगुणाने स्वतः वासा उचलला आणि म्हणाली, "जा आत."

परतताना शिष्याने विचारले, "गुरुजी, तुम्ही कालच बोलला असता तर तो कालच सुटला असता."

"सुटला असता," आचार्य म्हणाले. "पण ती राजाची कृपा झाली असती. ज्याच्या ओळखीत कुणी आचार्य नाही, त्यानं कुठे जायचं? त्याच्यासाठी हे दार आहे. ते उघडतं आणि बंदही होतं, हे लोकांनी एकदा डोळ्यांनी बघायला हवं होतं."

शिष्याला वाटले, आता सगळे नीट होईल.

पुढच्या वर्षी तो आचार्यांबरोबर पुन्हा सोहळ्याला गेला. दारात खरोखरच लाकडी अडसर होता. त्याला रेशमी झालर लावली होती. भालदाराने विचारताच कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरलेली एक सुंदर मुलगी पुढे आली आणि लाडिक सुरात म्हणाली, "ना...ही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजा हसून म्हणाला, "बरं बाई!" तिच्यावर फुले उधळली गेली. 'नाही' म्हणण्याचा मान कुणाच्या मुलीला, यावरून आता चार घराण्यांचे बोलणे बंद होते. सगुणाला शाल आणि नारळ देऊन पहिल्या रांगेत बसवायचे ठरले होते. ती आली नाही.

शिष्याच्या डोळ्यांत संतापाने पाणी आले. "गुरुजी, यांनी तर 'नाही'लाच सजवून टाकलं! मग उपयोग काय झाला?"

आचार्य गर्दीकडे बघत होते. शिष्यानेही तिकडे पाहिले. सगळे हात टाळ्या वाजवत होते. एक बुरूड मात्र हात खाली सोडून उभा होता. त्याचे ओठ हलत होते आणि मागचे लोक त्याला कोपराने ढोसून पुढचे दिसू दे म्हणत होते.

शिष्य आपली पुढची जागा सोडून गर्दीत शिरला. त्या माणसाजवळ जाऊन त्याने विचारले, "काका, तुम्हाला काही म्हणायचं आहे का?"

"आहे हो," बुरूड म्हणाला. "पण आता काय उपयोग? यंदाचं 'नाही' म्हणून झालं ना?"

"नाही झालं," शिष्य म्हणाला. त्याने त्याचा हात धरला आणि दाराच्या दिशेने वाट काढू लागला. राजा अजून उंबरठ्याबाहेरच होता.

म्हणून मला वाटते, आपल्या गावातही कुणी हार आणि कात्री घेऊन कशाचे उद्घाटन करायला आले, आणि आपल्याला पुढे बसवून टाळ्या वाजवायला सांगितले, तर टाळी वाजवण्याआधी आपण निदान एकदा त्यांना विचारावे, की हे कशासाठी — आई हाक मारतेय. आले गं आई, आले!