दोनदा दाबायचा ब्रेक

सन १९८२. मार्गशीर्ष महिना, थंडी पडून आठ दिवस झाले होते. घाटाखालच्या एका बाजारगावी तेव्हा एकदा एक जीपवाला आपल्या वस्तादाकडे सल्ला विचारायला आला. जीपवाल्याचे नाव गेनू, वय चाळिशीचे. वस्ताद म्हणजे त्याला गाडी शिकवणारे म्हातारे मिस्त्री. त्यांनी पाना खाली ठेवून दहा वर्षे झाली होती. तरी त्यांना विचारल्याशिवाय गावातली गाडी विकली जात नसे.

"वस्ताद, जीप म्हातारी झाली. दुरुस्त करू की विकू?"

"गिऱ्हाईक कोण?"

"आपला कासार. नुकताच गाडी शिकलाय. बायको, दोन पोरी आणि बांगड्यांच्या पेट्या घेऊन घाटावरचे बाजार करायचे म्हणतो. उद्या न्यायला येणार."

"खोट काय आहे गाडीत?"

"खोट काही नाही. हूड गळतं, पत्रा वाजतो. वय झालं, एवढंच. आहे तशी घेतोय तो. मग कशाला पैसा घाला?"

गेनू खोटे बोलत नव्हता. त्याला तसेच वाटत होते.

"दुपारी गिरणीच्या उताराला ये," वस्ताद म्हणाले.

दुपारी गेनू गाडी घेऊन गेला, तर उताराच्या तळाशी वस्तादांनी कडब्याच्या पेंढ्यांची छातीएवढी रास लावून ठेवली होती.

"वस्ताद, गाडीला वैरण घालता काय?"

"सरक पलीकडे."

म्हातारा स्वतः स्टिअरिंगवर बसला. गेनू बारा वर्षांत प्रथमच आपल्या जीपमध्ये डाव्या बाजूला बसला. गाडी उताराला लागली. रास जवळ आली तसा वस्तादांनी ब्रेक दाबला, आणि पाय थेट तळाला गेला.

"दोनदा दाबा, वस्ताद. दोनदा."

वस्तादांनी पाय तसाच दाबून धरला. जीप सरळ कडब्यात शिरली आणि थांबली.

डोक्यावरची पाने झटकत वस्तादांनी विचारले, "दोनदा दाबायला मी कधी शिकवलं तुला?"

"नाही शिकवलं."

"मग कुठं शिकलास?"

गेनूने आठवून पाहिले. ते कधी सुरू झाले, हे त्याला सांगता येईना.

वस्ताद म्हणाले, "खोट आधी गाडीत येते. मग चालवणाऱ्याच्या पायात उतरते. पाय तिला सांभाळून घेतो आणि डोकं म्हणतं, गाडी ठणठणीत आहे. तू लबाड नाहीस, गेन्या. पण गाडी कासाराकडे जाईल आणि हा पाय तुझ्याबरोबर घरी येईल. ठेवायची की विकायची, हे आपल्या जागेवर बसून कळत नाही. पलीकडे बसून बघावं लागतं."

गेनूला वैशाखातले लेकीचे लग्न आठवले. याच कासाराने नवरीच्या हातात हिरवा चुडा भरला होता. भरून झाल्यावर त्याने बांगड्यांवरून नख फिरवले आणि एका बांगडीपाशी थांबला. "हिचा आवाज बरोबर नाही. ही वाढवावी लागेल." चीर कोणाच्याच डोळ्यांना दिसत नव्हती. मांडवातून कोणी टोमणा मारला, "कासारमामा, मुहूर्त टळला तर दक्षिणा तुम्ही द्या." कासार म्हणाला, "मनगट पोरीचं आहे, मुहूर्ताचं नव्हे." त्याने ती बांगडी काढली, नवी भरली. तिचे पैसे घेतले नाहीत.

गेनूने कासाराला निरोप धाडला की चार दिवसांनी ये. ब्रेकचे काम त्याने स्वतःच्या हाताने केले. वस्ताद पोत्यावर बसून बघत राहिले. चौथ्या दिवशी तो घाट चढून उतरून आला. प्रत्येक वळणाला एकदा पाय दाबला की गाडी ऐकत होती.

"वस्ताद, आता वाटतं, ठेवावी."

"वाटणारच. शब्द कुणाला दिलास?"

गेनू फडक्याने गाडी पुसू लागला.

दुसऱ्या सकाळी कासार बायकोपोरींना घेऊन आला. गेनूने ठरलेली किंमत वाढवली नाही. हूड कुठे गळते, डावे दार आतूनच कसे उघडते, थंडीत हॅन्डल मारूनच गाडी कशी चालू करावी लागते, सारे त्याने एकेक करून दाखवले.

"एकेक खोट मोजून देऊन गाडी विकणारा पहिलाच बघतोय," कासाराची बायको म्हणाली.

पोरी आईजवळ खालीच थांबल्या. गेनूने कासाराला गिरणीच्या उतारावर स्टिअरिंगवर बसवले आणि आपण डाव्या बाजूला बसला. तळाशी आता रास नव्हती. कडबा वस्तादांच्या म्हशीने संपवला होता. गाडी उतरू लागली. गेनूचा उजवा पाय सवयीने हलला. त्याने तो मागे घेतला.

"दाबा," तो म्हणाला. "एकदाच."

कासाराने एकदाच दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

बांगडीचे ऋण फिटले.