तालमीचा पाय

"...आणि ही मेहनत कुणाची म्हणायची, सर्जा?"

सर्जेरावाचा हात तिथंच थांबला. वाळूची गोणी खांद्यावर चढवता चढवता त्यानं ती खाली ठेवली. तालमीच्या दारात येसबा वस्ताद उभे होते.

भर दुपारची वेळ. या वेळेला तालमीत चिटपाखरू नसतं, म्हणून तर तो यायचा.

"कसली मेहनत, वस्ताद?"

"मी जेवायला घरी गेलो की करतोस ती."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. गडी हत्तीएवढा, पण तोंडचं पाणी पळालं. रविवारी भैरोबाच्या जत्रेत त्याची कुस्ती होती. मोठी कुस्ती, आयुष्यातली पहिली. जोड वस्तादांनीच लावली होती, आणि त्यांच्या मनात आलं तर मोडायला कितीसा वेळ? त्यात महिनाभर डावा गुडघा ठणकत होता. ते त्यानं आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

खरी भीती त्या गुडघ्याची होती.

त्याचा थोरला भाऊ धोंडिराम याच तालमीचा पैलवान. काय रग होती अंगात. वस्ताद सांगतील ती मेहनत, सांगतील तेवढी, एका दिवसाचा खाडा नाही. आणि तिशीच्या आत त्याचा डावा गुडघा गेला. आता उसाचा ट्रॅक्टर चालवतो, आणि खाली उतरताना कुणाचा तरी खांदा धरतो. मांडी घालून जेवता येत नाही म्हणून भिंतीला टेकून पाय लांब करून जेवतो. सर्जेराव रोज समोर बसून ते बघायचा, आणि त्याचा घास घशाखाली उतरायचा नाही.

तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं. तालमीची मेहनत बास झाली, आपली आपण तयार करायची. थोडं मोबाईलवर बघितलं, थोडं फौजेतल्या मित्रानं सांगितलं, उरलेलं स्वतःच्या डोक्यानं जुळवलं. पण सोडतो म्हणायची छाती होईना. मग सकाळी सगळ्यांदेखत तालमीची मेहनत अंग चोरून, आणि दुपारी आपली चोरून. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशातली गत. गुडघा काही थांबायचं नाव घेईना.

"रागावलासा, वस्ताद?"

"राग कशाला... सांग की. काय काय करतोस?"

सर्जेराव आधी चाचरत बोलला, मग बोलता बोलता रंगला. आपली जुळणी त्याला आवडायची, ते काही लपेना. जोर कमी केले. बैठका तर बंदच. त्याच्याऐवजी गोणी खांद्यावर घेऊन खाली बसायचं, उठायचं, ओझं हळूहळू वाढवायचं. मधे विश्रांतीचा दिवस.

"विश्रांती चांगली," वस्ताद म्हणाले. "बैठका का सोडल्या?"

सर्जेरावानं गोणीचं तोंड पुन्हा आवळलं.

"सर्जा, बैठका का सोडल्या?"

"धोंडीदादानं सगळं तालमीचंच केलं होतं, वस्ताद. तुमी सांगितलं तसं."

बोलून गेला आणि त्याला वाटलं, संपलं. आता मुस्काटात बसणार. बसली असती तर बरं वाटलं असतं.

वस्ताद कुस्तीच्या हौद्याच्या कडेला टेकले. सकाळीच उकरलेली लाल माती त्यांनी पायाच्या अंगठ्यानं थोडी सारखी केली.

"बरोबर हाय तुझं," ते म्हणाले.

सर्जेराव आणखीच घाबरला. वस्ताद चिडले की काय करायचं ते त्याला ठाऊक होतं, मान खाली घालायची. त्यांनी बरोबर म्हटल्यावर काय करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

"मग चुकलं कुठं माझं? ऐकावं जनाचं, करावं मनाचं."

"चुकलं कोण म्हणतंय? मोबाईलात बघून करतोस म्हणालास."

"व्हय."

"तू त्याच्याकडं बघतोस. तो तुझ्याकडं बघतो का?"

सर्जेरावानं गोणीवरची वाळू झटकली.

"मग आज मी बघतो. घे गोणी."

त्यानं गोणी खांद्यावर घेतली. गुडघ्यातून कळ आली ती चेहऱ्यावर येऊ दिली नाही. श्वास धरून तो खाली बसला.

"तसाच थांब. आता खाली बघ."

त्यानं बघितलं. माती होती, आणि मातीत रुतलेले आपले दोन पाय.

"डावा पाय कुठं तोंड करून हाय?"

उजवा पाय समोर होता. डावा पार बाहेरच्या अंगाला, चवडा दाराकडं.

"हा तर आपल्या तालमीचा पाय, वस्ताद," सर्जेराव म्हणाला. थोडं अभिमानानंच म्हणाला.

तसा तो पाय पंचक्रोशीत माहीत होता. मैदानात गडी उतरला, डावा पाय बाहेर टाकून उभा राहिला, की मागं बसलेली म्हातारी माणसं म्हणायची, हा भैरोबा तालमीचा. दुसऱ्या तालमीतली पोरं म्हणायची, त्या पायात कायतरी गोम आहे, म्हणून हे लवकर पडत नाहीत. एकदोघांनी तर नक्कलही करून बघितली होती.

"तुला कुणी शिकवला?"

"तुमचाच की हा."

"माझा?" वस्तादांनी त्याच्याकडं नीट बघितलं. "मी माझ्या वस्तादांचा, राऊ वस्तादांचा घेतला. ते पुढं, आमी सगळी मागं. ते टाकतील तसा पाय टाकायचा. का म्हणून विचारायची टाप कुणाची?"

"मग?"

"ल्हानपणी त्यांच्या पायावरनं गाडीचं चाक गेलं होतं. हाडवैद्यानं बांधला, तो वाकडाच बसला."

"म्हंजे..."

"म्हंजे त्यांचा मोडलेला होता. आमचे धड होते."

गोणी सर्जेरावाच्या खांद्यावरून घसरली आणि धप्पकन मातीत पडली. त्याच्या डोळ्यांपुढं धोंडिराम आला, ट्रॅक्टरच्या चाकाशी उभा राहून खांदा शोधणारा. तो उठून उभा राहिला. राग आला त्याला. वस्तादांचा राग येईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"तुमाला कवा कळलं हे?"

"राऊ वस्ताद गेले तवा. जन्मभर पायाला पट्टी असायची त्यांच्या. शेवटची आंघोळ घालताना ती सोडली मी. घोटा सगळा फिरलेला. चाकाचं मग त्यांच्या घरच्यांनी सांगितलं..." वस्ताद थांबले. "तवा धोंडी तालीम सोडून घरी बसला होता."

"त्याला सांगितलंत?"

"सांगितलं की. त्याच दिवशी गेलो."

"काय म्हणाला?"

"हसला. म्हणाला, वस्ताद, सर्जाला तरी सरळ शिकवा."

बाहेर रस्त्यावरून एक टेम्पो खडखडत गेला. तो जाईपर्यंत वस्ताद रस्त्याकडं बघत होते.

"तुला पहिल्या दिसापास्नं सरळच शिकवला मी," वस्ताद म्हणाले. "आठवतंय का?"

आठवत होतं. रोज सकाळी वस्तादांची काठी त्याच्या डाव्या पायाला लागायची. तो पाय सरळ करायचा. वस्ताद पुढच्याकडं गेले की पुन्हा बाहेर. आणि का, तर थोरल्या पैलवानांचा पाय वाकडा, आपल्यालाच तेवढा सरळ सांगतात; म्हणजे खरं गुपित आपल्यापासून राखून ठेवलंय. असा त्याचा हिशेब. मग त्यानं घरच्या अंगणात धोंडिरामाचं उभं राहणं बघून बघून ते उचललं होतं, आणि आपण वस्तादांच्याही वर कडी केली म्हणून मनात खूश होता. शहाणपणाला सुमार नव्हता म्हणायचा.

आता तालमीची मेहनत त्यानं मनानं सोडली होती, आणि गुडघा पिळणारा तो पाय मात्र बरोबर घेऊन आला होता.

"वस्ताद... रविवारचं..."

"जोड मोडली मी. गुडघा ठणकतोय तुझा, दिसतं मला. सकाळीच जत्रेच्या मंडळींना सांगून आलो."

ज्या गोष्टीला तो महिनाभर भीत होता ती झाली होती, आणि सकाळीच झाली होती. तो गोणी उचलत होता तेव्हाही झालेलीच होती.

"न्हाई वस्ताद. असं करू नका. मी लढतो. गावभर पत्रकं लागल्यात, काय तोंड दाखवू? एवढी एक होऊ द्या. पट्टी बांधून लढतो..."

"पट्टी बांधून," वस्ताद म्हणाले.

सर्जेरावाची नजर खाली डाव्या पायाकडं गेली.

"धोंडीची जोड मोडायला पायजे होती मी. तवा बी पत्रकं लागली होती. मोडली न्हाई."

सर्जेरावाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते दंडानं पुसलं, तर माती तोंडाला लागली. त्याला आता काहीच धरायला उरलं नव्हतं. तालमीचं म्हणावं तर भाऊ समोर दिसत होता. आपलं म्हणावं तर त्यातलं किती आपलं होतं, कुणाला ठाऊक.

"मग मी करू कुणाचं? तुमचं सांगा, न्हाईतर माझं बरोबर हाय म्हणा. कायतरी एक सांगा, वस्ताद. मला रात्रीची झोप लागत न्हाई."

वस्तादांनी ऐकून घेतलं.

"एक बैठक काढ," ते म्हणाले. "गोणी नको. दोन्ही पाय सरळ. सावकाश."

"एकच?"

"एकच."

बैठका काढण्यात सर्जेरावाचा हात कुणी धरत नव्हतं. सुरुवात केली की बघणारे मोजायचं विसरायचे. त्यानं डावा पाय सरळ केला. हात पुढं घेतले. खाली जायला लागला.

अर्ध्यात गेला आणि गुडघा थरथरायला लागला. नेहमीची वाट सापडेना त्याला. टाच उचलली. त्यानं सावरायला पाय बाहेर फिरवला, मग आठवलं, पुन्हा सरळ केला... आणि तेवढ्यात तोल गेला. रविवारी मोठ्या कुस्तीला उतरायला निघालेला पैलवान बदकन मातीत बसला, पाठीवर गेला, आणि तसाच वर पत्र्याकडं बघत राहिला.

उठायची त्याला भीती वाटत होती. उठलं की पुन्हा करायला लागलं असतं.

"वस्ताद..." त्याचा आवाज फाटला. "मला एक बैठक येत न्हाई."

वस्तादांनी डोक्यावरची टोपी काढली, खुंटीला अडकवली. धोतर गुडघ्याच्या वर खोचलं. मग कडेला हात टेकून सावकाश हौद्यात उतरले आणि सर्जेरावाच्या शेजारी येऊन उभे राहिले.

त्यांचा डावा चवडा बाहेर होता. ते वाकले. दोन्ही हातांनी आपला पाय धरला आणि हळूहळू समोर फिरवायला लागले. कपाळावरची शीर ताठली. पाय सरळ झाला.

"सरक जरा तिकडं," ते म्हणाले. "मलाबी अजून जमली न्हाई."