शेंगांचं कुणी विचारलंच नाही

"दादा, गिऱ्हाईक आलं की मला का बोलवत नाहीस?" फार पूर्वी विहिरीवरच्या बाभळीत राहणारा धाकटा सुगरण पक्षी हे नेहमी विचारायचा. मागणी थोरला भाऊ एकटाच ऐकायचा. तो घरटी विणायचा, आणि धाकट्याने शेवटी झोका घेऊन ती तपासायची.

खारीने पिलांसाठी घरटं सांगितलं. झोका घेऊन धाकटा म्हणाला, "पक्कं आहे."

खारीने त्यात हिवाळ्यासाठी साठवायच्या शेंगाही भरल्या. घरटं फाटू लागलं. थोरल्याने आत शिरून पिलं फांदीवर ढकलली, पण स्वतः अडकला आणि घरट्यासकट विहिरीत पडून बुडाला.

"शेंगांचं मी विचारलं असतं रे दादा," धाकटा पाण्याकडे बघून म्हणत राहिला.

उघड्यावर पडलेली पिलं घेऊन खार आली. "ताई, आधी बस," तो म्हणाला. "घरात काय काय ठेवणार, ते सांग." सगळं ऐकून झाल्यावरच त्याने दादाने आणून ठेवलेलं गवताचं पातं उचललं.