पायाच्या खेळातले हातमोजे

“खेळ पायाचा आहे वस्ताद. मग हाताला मोजे कशाला?”

सत्वशीलनं हे विचारलं ते जरा तोऱ्यातच. का नसावा तोरा? कोल्हापुरातल्या एका पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा तो कॅप्टन. पाठीवर दहा नंबर. पेठेतून चालला की पोरं गाडी थांबवून हाक मारायची.

संघ पाचगणीला फायनल खेळायला आला होता. जानेवारीचा महिना, त्यात अवकाळी पाऊस, आणि पठारावरून येणारा वारा असा की आपले कान जागेवर आहेत का ते चाचपून बघावं.

संघाला शिकवणाऱ्या दस्तगीर वस्तादांनी पिशवीतून लोकरीचे हातमोजे काढून सगळ्यांना वाटले. तळव्याला रबराचे ठिपके होते, गाडी चालवताना घालतात तसले. बाकीच्यांनी निमूट घातले.

“गोलकीपरचं एक ठीक आहे,” सत्वशील म्हणाला. “पण आम्ही हात झाकून मैदानात उतरायचं म्हणजे... हंबीर काय म्हणेल?”

हंबीर म्हणजे पलीकडच्या पेठेचा कॅप्टन. आज गाठ त्याच्याशीच होती. त्याची पोरं उघड्या हातांनीच उतरली होती, आणि त्यानं लांबूनच ओरडून घेतलं होतं, “मोजे झाले, आता बांगड्या पण भरा की रं!”

“थंडी काय हंबीरला विचारून पडती व्हय?” वस्ताद एवढंच म्हणाले.

सत्वशीलनं नाइलाजानं मोजे चढवले.

मग तालमीच्या रिवाजाची वेळ आली. मैदानाची माती कपाळाला लावायची आणि वस्तादांच्या पाया पडून आत जायचं. एकेक जण मोज्यासकट वाकला. सत्वशीलनं मात्र मोजे काढले आणि बाकावर टाकले.

“मोज्याच्या हातानं तुमच्या पायाला शिवायचं? माझ्याच्यानं नाही व्हायचं, वस्ताद.”

वस्तादांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. आणि हातानंच मैदान दाखवलं.

मोजे बाकावरच राहिले. खोटं कशाला बोला, सत्वशीलला बरंच वाटलं. भक्तीही झाली आणि तोराही शाबूत राहिला.

त्यानंतर त्याची जी शोभा झाली ती अख्ख्या मैदानानं बघितली. लांब थ्रो ही सत्वशीलची खासियत. पण त्या दिवशी चेंडू ओलाचिंब आणि बोटं बधिर. एक थ्रो हातातून निसटून त्याच्याच पाठीमागं पडला. पुढच्या थ्रोला रेफ्रीनं फाऊल दिला. हंबीरची माणसं शिट्ट्या मारमारून बेजार झाली.

त्यात उजव्या बुटाची लेस सुटली. तो बांधायला वाकला, तर बोटं ऐकेनात. शेवटी लेस तशीच बुटात कोंबली आणि पळत सुटला. पुढं गोल मोकळा, चेंडू पायात... आणि लेसवर पाय पडून गडी तोंडावर आपटला.

मध्यंतर झालं तेव्हा गोल कुणाचाच नव्हता. पत्र्याच्या शेडखाली पोरं चहा घेत उभी राहिली.

“लेस बांध,” वस्ताद म्हणाले.

सत्वशील वाकला. एक टोक सापडलं की दुसरं निसटायचं. सगळे बघत होते, आणि बघत नसल्यासारखं करत होते. त्याचे मोजे बाकावर पावसात भिजून पडले होते, बाकीच्यांचे हात मोज्यात गरम होते. एकाला नुसतं म्हटलं असतं, ‘बांध रे जरा,’ तर काम भागलं असतं. पण कॅप्टननं म्हणायचं कसं?

पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

“वस्ताद, मला बसवा,” तो मान खाली घालून म्हणाला. “दुसऱ्या कुणाला तरी उतरवा. माझ्यापायी पेठेचा कप जायला नको.”

वस्ताद आपले तसलेच ठिपक्यांचे मोजे काढू लागले. ते काढून त्यांनी काखेत धरले. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे कधीच कामातून गेलेले. शेडच्या खांबाला धरून ते हळूहळू खाली बसले, चिखलातच. आणि सत्वशीलचा बूट त्यांनी आपल्या मांडीवर घेतला.

“अहो वस्ताद! पाय सोडा... पाप लागेल मला!”

“गप उभा राहा.”

“माझ्या पायाला तुम्ही हात लावायचा?”

“ज्याचा हात गरम, त्यानं बांधायची. ह्यात पाया पडणं आलं कुठनं?”

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

वस्तादांनी गाठ मारली. मग दुसरा बूट पुढं ओढला आणि त्याचीही गाठ पक्की केली. लहानपणी शाळेत जाताना आईनं बांधली असेल तेवढीच, त्यानंतर सत्वशीलची लेस कुणी बांधली नव्हती. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि ते लपवावं असंही त्याला वाटलं नाही.

त्यानं वस्तादांना दोन्ही दंडांना धरून उठवलं. वस्तादांनी काखेतले मोजे काढले आणि स्वतःच्या हातानं त्याला घातले, एकेक बोट सरळ करून.

मोजे ऊबदार होते. एवढं सुख सत्वशीलला कधी कुठल्या कपानंही दिलं नव्हतं.

दुसरा डाव सुरू झाला. हंबीर पुन्हा बांगड्यांवरून ओरडला. सत्वशीलनं ऐकलं, पण ते त्याला लागलं नाही.

खेळ संपत आला असताना डाव्या बाजूला थ्रो मिळाला. त्यानं चेंडू डोक्यामागं नेला. रबराच्या ठिपक्यांनी चेंडू असा धरला की हालायचं नाव नाही. थ्रो थेट गोलच्या तोंडाशी पडला, आणि गर्दीतून एका डोक्यानं तो आत ढकलला.

पेठ जिंकली! गुलाल चिखलात कालवला गेला. सत्वशीलला खांद्यावर घेतलं, नाचवलं. तो खाली उतरायची धडपड करत होता. त्याला वस्तादांकडं जायचं होतं.

वस्ताद बाकावर बसले होते, उघडे हात कोटाच्या खिशात खुपसून.

“वस्ताद...” तो म्हणाला. “आज तुम्ही नसता तर... तुमचे उपकार मी कसे फेडू?”

तो वाकला आणि सवयीनं मोजे काढायला लागला. वस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

“हात गरम आहेत?”

“आहेत वस्ताद. चांगले गरम आहेत.”

वस्तादांनी मैदानापलीकडं बघितलं. तिकडं हंबीर ओल्या गवतात एकटाच बसला होता. त्याचे लोक निघून गेले होते. आपल्या बुटाची भिजून आवळलेली गाठ तो बोटांनी सोडवायला बघत होता, आणि ती सुटत नव्हती.

सत्वशीलनंही तिकडं बघितलं. मग वस्तादांकडं बघितलं...

“मग गार व्हायच्या आत तिकडं जाऊन ये,” वस्ताद म्हणाले.